पुन्हापुन्हा क्षमा मागणारे मूल

शब्बाथशाळेतील दहा-अकरा वर्षांचा एखादा मुलगा प्रार्थना संपली तरी डोळे उघडत नाही. एक शब्द चुकला असे वाटून ती तो आरंभापासून पुन्हा म्हणतो. मार्काच्या तिसऱ्या अध्यायातील अक्षम्य पापाचा पाठ झाल्यापासून रात्री आईला उठवून विचारतो, "माझ्या मनात देवाविषयी वाईट शब्द आला, मला क्षमा होईल ना?" अशा मुलाला आपण भाविक म्हणून वाखाणतो, नाहीतर हट्टी म्हणून रागावतो. दोहोंतही चूक होण्याचा संभव आहे.

या विकारास मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. परंतु तो टिंगलीसाठीच फार वापरला गेला, म्हणून मुलासमोर न उच्चारलेला बरा. वैद्यक त्यास ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणते. नकोसा विचार मनात घुसतो, भीती वाढते, ती शमविण्यासाठी काही कृती करावी लागते आणि क्षणभर हायसे वाटते. त्या क्षणिक सुटकेमुळेच पुढील वेळी तीच कृती अधिक निकडीची होते. हात धुण्याप्रमाणेच पापांगीकारही अशी कृती होऊ शकतो.

संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली मान्रेसा येथे हाच जाच झाला. कबूल केलेली पापे ते पुन्हापुन्हा कबूल करीत. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगावे, अशी आज्ञा त्यांना झाली. परंतु त्यांना सर्वच स्पष्ट वाटे! प्राण देण्याचेही विचार त्यांना छळीत. अखेरीस जुनी पापे पुन्हा सांगावयाचीच नाहीत असा निश्चय त्यांनी केला, तेव्हा सुटका झाली.

आजची उपचारपद्धती याच दिशेने जाते. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातून ती वाढली. भीतीला पायरीपायरीने सामोरे जावयाचे, पण ठरलेली कृती करावयाची नाही. गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. हे काम मानसोपचारतज्ज्ञाचे आहे. पाळकाने घाईने मुलाची प्रार्थना बंद करू नये.

मग पाळकाने काय करावे? नको असता आलेला विचार म्हणजे मनाने केलेली निवड नव्हे, हे मुलाला एकदा शांतपणे सांगावे. अकराव्या वेळी तेच आश्वासन दिले तर आपणही त्या चक्राचा भाग होतो. "हा तुझ्या आजाराचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर मी आज देणार नाही," असे प्रेमाने म्हणता येते. मात्र ते आईवडील व तज्ज्ञ यांच्याशी ठरवून. भूत काढणे, उपास घालणे, वर्गासमोर साक्ष देण्यास लावणे हे कदापि नको.

लहान मुलांचे झोपतानाचे साधे नेमनियम म्हणजे आजार नव्हे. दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ त्यात जात असेल, अभ्यास वा झोप बुडत असेल, तर आईवडिलांना तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.