नऊ वाट्या की दोन वाट्या?

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागले की हळूहळू शेती बदलत जाते. द्राक्षबागा आणि भाजीपाला मागे पडतो. डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी अशी पिके दिसू लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत नागली हे रोजचे अन्न आहे. भाकरी नागलीची, पेज नागलीची, आणि बाळाचे उष्टावण झाले की त्याच्या वाटीतही बहुधा नागलीची किंवा भाताची पेजच येते.

नागली हे कसदार धान्य आहे, हे आपण मुलांना शिकवतो. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मग असे धान्य रोज पोटात जाणाऱ्या काही बाळांची वजने अंगणवाडीच्या तक्त्यावर तिथल्या तिथेच का राहतात? आणि हा प्रश्न केवळ डोंगरी तालुक्यांचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३६ मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. गरिबी, आजारपण, जन्मतःच कमी असलेले वजन, आईचे स्वतःचे आरोग्य अशी याची अनेक कारणे आहेत. पण एक कारण असे आहे, की जे वाटी, चमचा आणि साधा गुणाकार घेऊन वर्गात समजावून सांगता येते. या लेखात आपण त्याचाच विचार करू.

वजन कमी वाढते म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. बाळाचे वजन पहिल्या वर्षभर एकाच वेगाने वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार मुलीचे मध्यम वजन जन्मतः ३.२ किलो, तिसऱ्या महिन्याअखेर ५.८, सहाव्या महिन्याअखेर ७.३, नवव्याअखेर ८.२ आणि वर्षअखेर ८.९ किलो असते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत २.६ किलोची भर पडते, तर शेवटच्या तीन महिन्यांत फक्त ७०० ग्रॅमची. हे आकडे विद्यार्थ्यांना आलेखावर मांडायला सांगा. रेषा सुरुवातीला उभी चढते आणि पुढे आडवी होत जाते. तेव्हा दहाव्या महिन्यात वजन 'पूर्वीसारखे' वाढत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

काळजीचे कारण वेगळे आहे. तक्त्यावर छापलेल्या वक्ररेषा वर जात असताना बाळाची स्वतःची रेषा सपाट होऊ लागली, किंवा वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात घसरू लागली, तर ती सूचना आहे. एका दिवसाच्या वजनापेक्षा रेषेची दिशा अधिक बोलते. म्हणूनच दर महिन्याला वजन करायचे असते. ही घसरण बहुतेकदा सहाव्या महिन्यानंतर सुरू होते. बाळाला आईच्या दुधाच्या जोडीला दुसऱ्या अन्नाची गरज लागते ती याच वेळी.

लहान पोट, मोठी गरज

बाळ आपल्यापेक्षा कमी खाते, पण वजनाच्या मानाने त्याची गरज आपल्या दुपटीच्या आसपास असते. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ६९० किलोकॅलरी लागतात. त्यांपैकी सुमारे ३८० आईच्या दुधातून मिळतात, असे धरले जाते. उरलेल्या साधारण ३०० वरच्या अन्नातून मिळायला हव्यात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळासाठी हा आकडा २०० आहे आणि एक ते दोन वर्षांच्या मुलासाठी ५५०.

आता पोटाचा आकार पाहू. बाळाच्या जठराची क्षमता किलोमागे सुमारे ३० ग्रॅम धरतात. साडेसहा किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० ग्रॅमसुद्धा अन्न मावत नाही. घरातली लहान वाटी सुमारे १५० मिलिलीटरची असते. म्हणजे एक वाटी, फार तर सव्वा वाटी, की पोट भरले! दिवसातून तीन-चार वेळा भरवले तरी तीन-चार वाट्यांच्या पुढे गाडी जात नाही. या मर्यादेत ३०० किलोकॅलरी बसवायच्या आहेत.

वाटीचा हिशोब

एक वाटी पातळ पेज घेऊ. तिच्यात साधारण १० ग्रॅम नागलीचे पीठ असते. बाकी सारे पाणी. १०० ग्रॅम नागलीतून सुमारे ३२० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे १० ग्रॅममधून ३२. दिवसाच्या ३०० किलोकॅलरी भरून काढायला अशा नऊ वाट्यांहून अधिक पेज लागेल. बाळाच्या पोटात तीन-चारच मावतात. बाळ तिसऱ्या वाटीला तोंड फिरवते. आई म्हणते, "पोट भरलं त्याचं." ते खरेच भरलेले असते, पण पाण्याने.

वरणाच्या वरच्या पाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. डाळीचा कस तळाशी बसलेल्या डाळीत असतो. पाण्यात चव आणि हळदीचा रंग मात्र उतरतो. 'बाळाला पातळच पचते' या समजुतीमागे घरातल्या मोठ्यांची माया असते, आणि घशात घास अडकण्याची भीतीही रास्त असते. पण सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ आणि घोटलेले अन्न हवे असते. मऊ आणि पातळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमचा तिरका केला तर त्यावरून लगेच वाहून न जाणारे अन्न हे योग्य घट्टपणाचे साधे माप आहे.

पीठ पाणी का पिते?

मग पेजेत दहाऐवजी पंचवीस ग्रॅम पीठ घातले की झाले, असे कोणीही म्हणेल. करून पाहा. पेज न होता गोळा होतो आणि बाळाला तो गिळता येत नाही. आई पुन्हा पाणी घालते आणि आपण होतो तिथेच येतो.

याचे कारण पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. पिष्टाचे सूक्ष्म कण थंड पाण्यात तसेच पडून राहतात. पाणी तापले की ते पाणी शोषून कितीतरी पट फुगतात, फुटतात, आणि त्यांतले साखळीसारखे लांब रेणू पाण्यात पसरून एकमेकांत गुंततात. त्यामुळे थोड्याशा पिठातही पुष्कळ पाणी अडकून राहते. पेज दाट दिसते, पण तो दाटपणा बराचसा फुगलेल्या पिष्टाचा असतो. डोळ्यांना फसवणारी हीच गोष्ट आहे.

बियाणे रुजते तेव्हा त्याच्यापुढे असाच पेच असतो. साठवलेले पिष्ट कोंबाला जसेच्या तसे वापरता येत नाही. म्हणून मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते लांब साखळ्यांचे लहान तुकडे करते. आपल्या लाळेतही याच जातीचे विकर असते. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९८० च्या सुमारास या रीतीचा बाळाच्या आहाराच्या दृष्टीने शास्त्रीय अभ्यास झाला, आणि मोड आलेल्या धान्याचे पीठ वापरून पेज पाणी न वाढवता सैल करता येते, हे मापून दाखवण्यात आले.

वर्गातला प्रयोग

नागली रात्रभर भिजवा. पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्या. मग उन्हात खडखडीत वाळवून दळा. भाजू नका. भाजल्यावर वास छान येतो, पण जास्त उष्णतेने विकर निकामी होते.

तीन सारख्या भांड्यांत प्रत्येकी १५० मिलिलीटर पाण्यात २५ ग्रॅम साधे नागलीचे पीठ शिजवा. तिन्हींत घट्ट गोळा होईल. प्रयोगशाळेतील तापमापीने तापमान पाहत ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्या. पहिल्या भांड्यात लहान चमचाभर साधेच पीठ घाला. दुसऱ्यात तेवढेच मोडाचे पीठ घाला. तिसऱ्यात मोडाचे पीठच घाला, पण ते आधी थोड्या पाण्यात चांगले उकळून घेतलेले असावे. पाच-दहा मिनिटे ढवळा. दुसऱ्या भांड्यातला गोळा सैल होऊन चमच्याने भरवण्याजोगा होतो. पहिला आणि तिसरा घट्टच राहतात. पहिले भांडे कशासाठी ठेवले आणि तिसऱ्याने काय सिद्ध झाले, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे. दुसऱ्या भांड्यात आपण पाणी वाढवलेले नाही, त्यामुळे अन्नही कमी झालेले नाही. साखळ्या तुटल्या, उष्मांक तेवढेच राहिले.

घरी बाळासाठी करताना मोडाचे पीठ मिसळून पेज सैल झाली की पुन्हा एक चांगली उकळी द्यावी, म्हणजे पिठातले जंतू मरतात. ज्वारीच्या मोडांबाबत मात्र जपावे. त्यांत सायनाइड निर्माण करणारा पदार्थ असतो, म्हणून या कामाला नागलीच बरी.

दोन वाट्यांत कसे बसते?

आता वाटी पुन्हा भरू. तीन भाग नागली आणि एक भाग मूगडाळ यांचे २५ ग्रॅम पीठ घेतले तर सुमारे ८० किलोकॅलरी होतात. लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, शेंगदाण्याचे बारीक कूट घातले की २६ मिळतात. वरून लहान चमचाभर तेल किंवा तूप घातले की ४० होतात. बेरीज जवळजवळ १५०. वाटी तेवढीच, पण कस साडेचार पटींनी अधिक. नऊ वाट्यांचे काम दोन वाट्यांत झाले. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात आणि तेल पाणी शोषून फुगत नाही, म्हणून लहान पोटासाठी ते मोलाचे. खुरासणी पिकवणाऱ्या घरात तिचे तेल चालेल. खिमट, गुरगुट्या भात, खिचडी यांनाही हाच नियम लागू पडतो: पाणी बेताचे, डाळ तळातली, वर चमचाभर स्निग्ध पदार्थ.

येथे कुणी विचारील, "प्रथिनांची पावडर द्यायला नको का?" या प्रश्नाला इतिहास आहे. १९६० च्या दशकात जगभर असे मानले जात होते, की गरीब देशांतील मुलांची मुख्य उणीव प्रथिनांची आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे सुमारे दोन दशके संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले, की बहुतेकांची प्रथिनांची उणीव ही पुरेसे अन्न न मिळाल्याचा परिणाम आहे. ऊर्जाच कमी पडली तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांना रोज ३१० किलोकॅलरी आणि फक्त ३ ग्रॅम प्रथिने जादा देणारा खाऊ १४ महिने दिला. त्यांची उंची आणि वजन इतर मुलांपेक्षा चांगले वाढले. हा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे चूल आधी पेटती ठेवायला हवी, तरच विटा बांधकामाला उरतात.

तरीही नुसत्या उष्मांकांवर थांबून चालत नाही. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्यापर्यंत सरत येतो, आणि दुधात लोह फार थोडे असते. म्हणून डाळी, पालेभाजी, घरात चालत असेल तर अंडे, मासळी, मांस रोजच्या वाटीत आलटूनपालटून यायला हवे. लिंबाचे चार थेंब डाळ-भाजीतले लोह शोषायला मदत करतात, तर चहा ते अडवतो. चहात बुडवलेले बिस्किट पोटातली जागा अडवते आणि लोहही. राज्यातील आदिवासी भागांत अमृत आहार योजनेखाली २०१६ मध्ये मुलांना अंडी किंवा केळी देणे सुरू झाले, त्यामागे हाच विचार होता.

काही पथ्ये पाळावीत. शेंगदाणा, फुटाणा यांचे अख्खे दाणे आणि आपल्या नाशिकची अख्खी द्राक्षे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. दाण्याचे कूट करावे, द्राक्ष उभे चिरावे. वर्षाच्या आत मध देऊ नये. दोन वर्षांपर्यंत साखर-गुळाची जोड लागत नाही. आईचे दूध मात्र दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. आजारपणात अन्न तोडू नये, आणि बरे झाल्यावर काही दिवस एखादी वाटी जादा द्यावी.

वाटीने जे होत नाही

प्रत्येक सपाट रेषेवर वाटी हा उपाय नसतो. वारंवार होणारे जुलाब, क्षय, हृदयाचा जन्मजात दोष यांमुळेही वजन अडते. सहा महिन्यांपुढील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, दोन्ही पावलांवर सूज असेल, किंवा मूल खाणेच सोडून देत असेल, तर घरी प्रयोग करीत बसू नये. ते तीव्र कुपोषण असू शकते आणि त्याला दवाखान्यातच उपचार लागतात. अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना त्याच दिवशी कळवावे.

हा विषय शिक्षकांसाठी का, असे वाटेल. शेतीच्या हंगामात आई कामावर असते, आणि धाकट्या भावंडाला भरवणारा हात बऱ्याचदा आपल्याच सातवी-आठवीतल्या विद्यार्थिनीचा किंवा विद्यार्थ्याचा असतो. त्यांना उष्मांकांचे कोष्टक पाठ नसले तरी चालेल. आज घरी जाऊन त्यांनी इतकेच मोजावे: बाळाची वाटी किती मिलिलीटरची, तिच्यात पीठ किती चमचे आणि पाणी किती. उद्या वर्गात फळ्यावर गुणाकार मांडावा. नऊ वाट्या की दोन वाट्या, याचे उत्तर ती मुले घरी आपणहून सांगतील.