जर्मनीचे ब्ल्यू कार्ड आणि अमेरिकेचे माप

'एच-वन-बी' हे अमेरिकेच्या नोकरी-व्हिसाचे नाव पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत इतके रुळले आहे की, मुलगा किंवा सून जर्मनीस निघाली तरी हितचिंतक मंडळींचा सल्ला अमेरिकेच्याच मापाने बेतलेला असतो. आणि उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठी जर्मनीने २०१२ साली अमलात आणलेल्या ब्ल्यू कार्डाविषयीचे पुष्कळसे प्रवाद, नीट पाहिले असता, दुसऱ्याच देशाचे नियम असल्याचे आढळते.

'नशीब असेल तर नंबर लागेल' हा त्यांतला पहिला. अमेरिकेत दरसाल ८५,००० जागांची मर्यादा असल्याने सोडत काढावी लागते. जर्मनीच्या कार्डास अशी संख्यामर्यादा नाही. तेथे प्रश्न पात्रतेचा, आणि पात्रतेत पगाराचा. हा किमान वार्षिक पगार दर जानेवारीत नव्याने ठरतो, सबब मित्राने सांगितलेला जुना आकडा प्रमाण मानू नये. २०२५ साली तो ४८,३०० युरो होता. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांस आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांस मात्र ४३,७५९.८० युरो पुरत. पदवीला पर्याय नाही, हेही आता पूर्णपणे खरे राहिलेले नाही: संगणक क्षेत्रात गेल्या सात वर्षांपैकी किमान तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असल्यास पदवीवाचूनही हे कार्ड मिळू शकते.

कामाचा परवाना निराळा काढावा लागतो, हा समजही असाच चिवट आहे. मुंबईच्या वकिलातीतून मिळणारा व्हिसा थोड्या मुदतीचा असतो; तिकडे पोहोचून घर मिळाले की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद, म्हणजे तिकडचे मराठी लोकही ज्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात ती, करावी लागते, आणि व्हिसाची मुदत सरण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कचेरीत अर्ज द्यावा लागतो. तेथे हाती येणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यातच नोकरीची मुभा नमूद असते. पगार कमी मर्यादेत बसत असेल तर रोजगार खात्याची संमती लागते खरी, पण ती कचेरी परस्पर मागवते. अर्जदाराने त्यासाठी वेगळे हेलपाटे घालावयाचे नसतात.

सर्वांत अधिक भय असते ते नोकरीविषयी. 'मालक सोडला की देश सोडला' आणि 'नोकरी गेली की साठ दिवस' ही दोन्ही वाक्ये मी जर्मनीस निघालेल्या तरुणांच्याच तोंडून ऐकली आहेत; त्यांतले साठ दिवस अमेरिकेच्या नियमावलीतले आहेत. जर्मनीत पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलताना कचेरीस कळवावे लागते, आणि ती तीस दिवसांपर्यंत हा बदल स्थगित ठेवून, शर्ती पुऱ्या होत नसल्यास, नाकारू शकते. बारा महिन्यांनंतर हे बंधन उरत नाही. नोकरी गेली, तर त्याच दिवशी कार्ड रद्द होत नाही; मात्र दोन आठवड्यांत तसे कळवणे हे कार्डधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि त्यानंतर मुदत कमी करण्याचा अधिकार कचेरीस असतो. संकोचाने गप्प राहण्याची आपली सवय येथे महागात पडते.

जोडीदारास घरी बसावे लागते, हीदेखील अमेरिकेहून आयात झालेली भीती होय. ब्ल्यू कार्डधारकाच्या पतीस वा पत्नीस नोकरीची मोकळीक असते, आणि निघण्यापूर्वी जर्मनच्या परीक्षेचा दाखलाही मागितला जात नाही. तथापि भाषेकडे पाठ फिरवणे हिताचे नव्हे: कायम वास्तव्याचा परवाना जर्मनच्या 'ए-वन' पातळीवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, तर 'बी-वन' असल्यास २१ महिन्यांनी.

कार्ड युरोपीय संघाचे असल्याने पॅरिसमध्येही नोकरी करता येईल, असे मानणारे आहेत. वस्तुतः बारा महिन्यांनंतर दुसऱ्या सभासद देशात जाणे सुकर होते इतकेच, कार्ड मात्र तेथे नवे काढावे लागते. डेन्मार्क आणि आयर्लंड तर या योजनेतच नाहीत. उलट आईवडिलांच्या आजारपणासाठी गावी येऊन राहावे लागल्यास हे कार्ड इतर परवान्यांहून उदार आहे: इतर परवाने सामान्यतः सहा महिने देशाबाहेर राहिल्यास संपुष्टात येतात, ब्ल्यू कार्डास बारा महिन्यांची सवड असते.