डोमेन एकच, मग लॉगिन वेगळं का ठेवावं लागतं?

एकदा पासवर्ड टाकला की वेबसाइट तो प्रत्येक पानावर पुन्हा विचारत नाही. कारण लॉगिन होताच सर्व्हर ब्राउझरकडे एक खूण देऊन ठेवतो. तिला म्हणतात सेशन कुकी. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखीच ती असते. बिल्ला दाखवला की चप्पल मिळते, बिल्ला कुणाचा हे कुणी विचारत नाही.

कुकी कुठे कुठे जाते?

मेल डॉट गूगल डॉट कॉम आणि ड्राइव्ह डॉट गूगल डॉट कॉम ही एकाच डोमेनची दोन सबडोमेन. कुकी देताना डोमेन लिहिलं नाही, तर ती देणाऱ्या पत्त्यालाच परत जाते. मुख्य डोमेन लिहिलं, तर सगळ्या सबडोमेनना जाते. सोय होते, पण धोकाही इथेच आहे. कोणतंही सबडोमेन मुख्य डोमेनच्या नावाने कुकी ठेवू शकतं आणि ती नेमकी कुणी ठेवली, हे सर्व्हरला कळत नाही.

गिटहबने काय केलं?

गिटहबवर कुणालाही स्वतःची वेबसाइट मोफत बनवता येते. आधी या साइट गिटहब डॉट कॉमच्याच सबडोमेनवर असत. म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाच्या पानावरचा कोड तुमच्या ब्राउझरमध्ये गिटहबच्या नावाने बनावट कुकी ठेवू शकत होता. म्हणून एप्रिल 2013 मध्ये गिटहबने या साइट गिटहब डॉट आयओ या वेगळ्या डोमेनवर हलवल्या.

पण मग तिथल्या साइट एकमेकींना त्रास देणार नाहीत का? त्यासाठी मोझिलाने सुरू केलेली ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ आहे. या यादीतल्या नावासाठी सामायिक कुकी ठेवू द्यायला ब्राउझर नकार देतो. ‘डॉट को डॉट इन’ही याच यादीत आहे. नाहीतर त्यावरची एक साइट बाकी सगळ्यांसाठी कुकी ठेवू शकली असती.

डेव्हलपरने काय करावं?

- गरज नसेल तर सेशन कुकीत डोमेन लिहू नये.
- लोकांनी अपलोड केलेला मजकूर वेगळ्या डोमेनवर ठेवावा.

आणि तुम्ही?

लिंक उघडताना पत्ता नीट वाचा. शेवटी गिटहब डॉट आयओ दिसलं, म्हणजे ते पान गिटहबनेच बनवलंय असं नाही. तिथे पासवर्ड टाकण्याआधी पान कुणाचं आहे, ते पाहा.