मन आवरत नाही? आधी श्वासाकडे वळा

दिवसभराची कामे आटोपून अंथरुणाला पाठ टेकावी आणि नेमके तेव्हाच मनाने धावू लागावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना येतो. मुलाची परीक्षा, घराचा हप्ता, सासूबाईंचे दुखणे, दुपारी कुणीतरी बोललेला टोचरा शब्द! ‘आता विचार पुरे’ असे मनाला जितके बजावावे, तितके ते अधिकच भरकटते.

मन हुकूम ऐकत नाही. हृदयाचे ठोके आणि पचनही आपल्या हुकमाने चालत नाही. श्वास मात्र झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी आपण ठरवले तर आपल्या मर्जीनेही चालतो. म्हणूनच मनाला शांत करायचे असेल तर सुरुवात श्वासापासून करणे सोपे जाते.

श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती कमी होते. उच्छ्वास सावकाश, लांबवून केला की शरीराला विश्रांतीचा संदेश देणारा व्हेगस हा मज्जातंतू आपले काम करू लागतो. ताणलेले स्नायू सैलावतात, पाठोपाठ मनही निवळते.

पतंजलींनी योगाच्या आठ अंगांत प्राणायामाला धारणा आणि ध्यान यांच्या आधीचे स्थान दिले आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ स्थापन करून योगक्रिया शास्त्रीय कसोटीवर तपासायला सुरुवात केली. इटलीतील संशोधकांना २००१ मध्ये असे आढळले, की जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना असो वा ‘ॐ मणि पद्मे’चा जप, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो.

ही लय घरीही साधता येते. पाठ ताठ ठेवून चटईवर किंवा खुर्चीवर बसा. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. श्वास रोखून धरू नका. पाच मिनिटे पुरेत. नंतर मोजणे थांबवा आणि नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहा.

मन भटकेलच. भाजी आणायची राहिली, हे नेमके तेव्हाच आठवेल! त्यामुळे ‘मला ध्यान जमत नाही’ असे समजू नका. लक्षात आले की न रागावता पुन्हा श्वासाकडे या. हे परत येणे म्हणजेच सराव. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही सुरुवातीचे तीन दिवस साधक केवळ श्वासच पाहतात.

चक्कर आल्यास लगेच थांबा. हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी भस्त्रिका, कपालभातीसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर केवळ श्वासावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला देते.

घरातील प्रत्येकासाठी वेळ काढणाऱ्या गृहिणीला स्वतःसाठी पाच मिनिटे मागताना संकोच वाटतो. तो सोडा. तुमचे मन स्वस्थ असेल, तर त्याचा लाभ घरातल्या सगळ्यांनाच होणार आहे.