जुनी लुना: साफ करायची, नवी करायची नाही

आज कोड बाजूला, आज ग्रीस. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित एपिसोड. मधले 'अं', 'म्हणजे' आणि मागचा मिक्सरचा आवाज काढून टाकलाय.

विषय आहे जुनी लुना. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती फक्त आईबाबांच्या अल्बममध्ये बघितली असेल, म्हणून दोन वाक्यांत ओळख. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली. कारखाना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणि मूळ डिझाइन इटलीच्या पियाजिओच्या 'चाओ' या मोपेडचं. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सायकलसारखी पेडलं, आणि वजन इतकं कमी की बंद पडली तर ढकलत घरी आणता यायची. शिक्षक, नर्स, दूधवाले, पोस्टमन, सगळ्यांची गाडी.

आमच्या साताऱ्याच्या आत्याकडे १९८४ ची लाल लुना आहे. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि रोज याच गाडीवरून शेजारच्या गावी जायची. गेली बरीच वर्षं ती गोठ्यामागच्या शेडमध्ये कडब्याखाली होती. दिवाळीनंतर आत्याची पंचाहत्तरी, तेव्हा आतेभावाने, म्हणजे दादाने, ठरवलं की लुना चकाचक करून अंगणात उभी करायची. गॅरेजवाल्याशी बोलणंही झालं होतं: सगळं उघडायचं, सँडब्लास्ट मारायचं, पावडर कोटिंग, नवे स्टिकर, दहा दिवसांत गाडी तयार.

मी दादाला म्हटलं, मला दोन शनिवार-रविवार दे, मग काय ते ठरव. कारण साधं आहे. रंग कधीही मारता येतो. कारखान्यातून आलेला रंग मात्र एकदाच असतो, आणि सँडब्लास्टला कंट्रोल-झेड नाही.

तर पहिली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीवर दोन थर असतात. एक बाहेरून आलेला: धूळ, चिखल, ग्रीस, कोळ्याची जाळी, कोंबड्यांची कृपा. दुसरा गाडीचा स्वतःचा: उन्हाने विटलेला रंग, हात लागून गुळगुळीत झालेला ब्रेकचा लिव्हर, पदर घासून चकाकलेला साडी गार्ड. पहिला थर काढायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मुरलेले असतात. म्हणून सौम्य उपायाने सुरुवात करायची आणि काम झालं की तिथेच थांबायचं.

सुरुवात फोनपासून. पाणी लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वायर कुठून गेलीय, कुठला बोल्ट कुठे, वायसर किती, स्टिकर कडेपासून किती अंतरावर, सगळं. सुटे भाग झिप लावायच्या पिशव्यांत आणि वर मार्करने नाव.

मग धुणं. कृपा करून गाडी वॉशिंग सेंटरला नेऊ नका. प्रेशरचं पाणी बेअरिंगमध्ये, मॅग्नेटोत, हेडलाइटच्या आत शिरतं, आणि चाळीस वर्षांचा स्टिकर एका फवाऱ्यात उडतो. बादली, कोमट पाणी, कार शाम्पू, मऊ कापड. वरून खाली यायचं, आणि कापड वारंवार खळबळायचं; नाहीतर त्यातली वाळूच रंगावर ओरखडे काढते. चेनजवळ आणि इंजिनाखाली घट्ट काळं ग्रीस असतं, तिथे जुन्या टूथब्रशने थोडं रॉकेल किंवा डिझेल. ते रबरावर आणि ब्रेक शूवर जाऊ द्यायचं नाही. शूला तेल लागलं की ब्रेक पकडत नाही.

ब्रेकवरून आठवलं. हे नीट वाचा. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर आतली राख फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. मास्क लावा, ओल्या कापडाने टिपून घ्या, आणि ते कापड पिशवीत बांधून टाकून द्या.

आता रंग, म्हणजे खरा कस इथे लागतो. लाल रंग उन्हाने विटला की गुलाबीसर, खडूसारखा होतो. बोट फिरवलं तर बोटाला पावडर लागते. त्या काळच्या रंगावर आजच्यासारखा वेगळा पारदर्शक कोट बहुधा नसायचा, त्यामुळे वरचा मेलेला थर हलकेच काढला की खाली जिवंत लाल सापडतो. त्यासाठी अगदी बारीक पॉलिश घ्यायचं, आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी दोन इंचांत करून बघायचं, आणि मशीन न लावता हातानेच चोळायचं. कापड लाल होतं तेव्हा घाबरू नका, पण विसरूही नका: कापडावर आलेला तो लाल म्हणजे गाडीचाच रंग आहे. प्रत्येक हाताला तो थोडा कमी होतोय. कडांवर आणि जिथे प्रायमर डोकावतोय तिथे मी पॉलिश लावलंच नाही, फक्त वॅक्स लावलं.

मडगार्डवर एक पोचा आहे, एसटी स्टँडजवळ सायकलवाला धडकला तेव्हाचा. दादाला तो ठोकून सरळ करायचा होता. पण ठोकलं की रंगाला तडे जातात, मग पुटी, मग रंग, मग शेड जुळत नाही म्हणून अख्खा मडगार्ड, मग बाकीची गाडी जुनी दिसते म्हणून अख्खी गाडी. जुन्या कोडमध्ये एक ओळ बदलली की सोळा ठिकाणी एरर येतात, त्यातलाच प्रकार. पोचा राहिला.

स्टिकरजवळ थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर, काहीही न्यायचं नाही. अक्षरं विरघळतात. ओल्या इअरबडने कडेकडेने पुसायचं. कड सुटली असेल तर सुटलेलीच राहू द्या, नखाने उचकू नका.

क्रोमचं वेगळं. हँडलवर दिसणारे तांबूस ठिपके बहुतेक वेळा वरवरचे असतात. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचं लोखंड गंजतं आणि गंज वर येऊन पसरतो. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने क्रोमला ओरखडा जात नाही, गंज मात्र निघतो. छोटे काळे खड्डे तसेच राहतील. नंतर वॅक्स. टॉयलेट क्लीनर वापरायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. ते अॅसिड क्रोमखाली शिरून पुढचं काम बिघडवतं.

नट-बोल्ट साधे लोखंडी असतील तर ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये बुडवता येतात, एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, घरातलं भांडं वापरू नका, पोरांपासून लांब ठेवा. पण बोल्टवर झिंकची पिवळसर चमक दिसत असेल तर बुडवू नका, ती मूळ फिनिशच निघून जाईल. गंजलेला दिसतो म्हणून बाजारातून चकचकीत स्टेनलेसचा बोल्ट आणायचा मोह होतो. मला तो जुन्या गाडीवर पांढऱ्या शर्टला लावलेल्या सोनेरी बटणासारखा दिसतो.

पेट्रोलच्या टाकीत आतून गंज असतोच. सगळं पेट्रोल काढून, टाकी उतरवून, पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग उन्हात पूर्ण वाळवणं, आणि लगेच आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवणं, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. हेअर ड्रायर, काडेपेटी, वेल्डिंग, काहीही जवळ नको. टाकीला आतून लावायचं रेझिनचं कोटिंग मी टाळलं. एकदा लावलं की काढता येत नाही.

काही गोष्टी मात्र बदलायच्याच. तडकलेले टायर, ब्रेक शू, कडक झालेली पेट्रोलची नळी, तुटायला आलेली ब्रेक केबल. तिथे ओरिजिनलचा हट्ट म्हणजे हॉस्पिटलचं बिल. जुने भाग फेकू नका, नाव लिहून खोक्यात ठेवा.

सगळ्यात मोठा वाद कॅरिअरवर झाला. त्याला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळलेली होती, कडक, काळी, भेगाळलेली. ती काही कारखान्यातून आलेली नाही. म्हणजे मघाच्या हिशोबाने बाहेरचा थर, काढून टाका! दादाने कात्री आणलीही. आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "अरे, वह्यांचे गठ्ठे त्यानेच बांधायचे मी. पावसात एक वही भिजली नाही कधी." पट्टी साध्या पाण्याने पुसून तशीच ठेवली. सीटवरचं भडक निळं रेक्झिनचं कव्हर मात्र काढलं. ते नंतर कुणीतरी चढवलेलं होतं, आणि खाली मूळ काळी सीट शाबूत निघाली. यात नियम काय, विचाराल तर माझ्याकडे एकच चाचणी आहे: हे गाडी वापरताना आलंय की गाडी झाकायला आलंय?

दादाला फोटोत गाडी अजून "जुनीच दिसते". खरंय त्याचं. पण पावडर कोटिंगचं बुकिंग त्याने रद्द केलं.

कायद्याचं थोडं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, आणि त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आत्याची लुना २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. पहिल्या वर्षीच्या, १९७२ च्या लुना तर पन्नाशी ओलांडून गेल्यात. तुमच्या शेडमध्ये तशी एखादी असेल तर रंगवाल्याला फोन करण्याआधी आरसी बुक शोधा.

नंबर प्लेटचं शेवटी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट बंधनकारक आहे. त्यामुळे रस्त्यावर आणायची असेल तर ती लावा. पण एमएच-११ यायच्या आधीच्या सिरीजची, पेंटरने ब्रशने रंगवलेली जुनी प्लेट भंगारात देऊ नका. पुसा, वॅक्स लावा, कागदात गुंडाळून आरसी बुकाशेजारी ठेवा.

कार्ब्युरेटर उघडलेला नाही अजून, त्याचा वेगळा एपिसोड करू. तोवर पेट्रोल भरून पेडल मारायची घाई करू नका.