भुंगेऱ्याची जात कशी ठरते?

श्रोतेहो, हमालांच्या व जिनिंग कामगारांच्या संघटनेत वय घालविलेल्या माणसाने भुंगेऱ्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु माणसे असोत, माल असो की किडे असोत, त्यांची वाटणी कोणत्या खुणेवर करावयाची, हा प्रश्न मला नेहमीच मोलाचा वाटत आला आहे. खूण चुकली म्हणजे कोणाचे तरी नुकसान होते.

आपल्या हिंगोली-वसमत भागातलेच पाहा. पावसाळ्याचे पहिले पाऊस झाले की हुमणीचे तपकिरी भुंगेरे रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. शेतकरी ते झाडून गोळा करतात व मारतात. ते योग्यच आहे, कारण त्यांची पांढरी, वाकडी अळी हळदीच्या आणि सोयाबीनच्या मुळ्या खाते. पण त्याच रानात, ढेकळांखाली व दगडांखाली, भू-भुंगेरा राहतो. यातले बरेच जण रात्री बाहेर पडून जमिनीवरच्या अळ्या व लहान किडे मारून खातात. काही गवताच्या बियाही खातात. ‘भुंगेरा तो भुंगेरा’ म्हणून दोघांनाही एकच शिक्षा दिली, तर आपलाच राखणदार आपण मारला असे होईल.

मग ओळखावे कसे? हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशांचे टोक लहान पानांच्या जुडीसारखे असते. भू-भुंगेऱ्याची मिशी दोऱ्यासारखी सरळ, अकरा पेरांची असते. पाय लांब व धावरे, आणि जबडे पुढे आलेले. अळीही सरळ, लांबट आणि चपळ असते.

इथवर सोपे आहे. खरी अडचण पुढेच आहे. जगात भू-भुंगेऱ्यांच्या सुमारे 40,000 जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि एकाच जातीतही सगळे सारखे नसतात. भुंगेरा कोषातून बाहेर पडल्यावर वाढत नाही. म्हणून अळीपणी पोट भरले नसेल तर तो जन्मभर लहानच राहतो. नुकता बाहेर पडलेला फिकट व मऊ असतो, नंतर काळा पडतो. युरोपातील एका जातीत हिरवे, तांबूस आणि निळे भुंगेरे एकाच शेतात सापडतात. बहुतेक जातींत नराच्या पुढच्या पायाची पेरे रुंद असतात व त्यांखाली मादीला धरण्यासाठी केसांची गादी असते. मादीला ती नसते. काही जातींत एकाचे पंख लांब, तर दुसऱ्याचे आखूड. स्वीडनचे लिंड्रोथ यांनी 1946 साली अशा एका जातीत दाखवून दिले की, पंखांचा हा फरक आईबापांकडून वारशाने येतो. दोन सख्खी भावंडे, एक उडणारे आणि एक न उडणारे! त्यांना दोन जाती म्हणता येईल काय?

हळदीच्या मोंढ्यात एकाच गड्ड्याची पिलावळ वेगवेगळ्या ढिगांत पडते: हळकुंडे एकीकडे, गड्डे दुसरीकडे, कणी तिसरीकडे. ती भावासाठी केलेली प्रतवारी आहे. त्यावरून तीन पिके आहेत असे कोणी म्हणत नाही. आकार आणि रंग यांवर भुंगेऱ्यांच्या जाती पाडणे म्हणजे प्रतवारीलाच वर्गीकरण समजणे होय.

म्हणून अभ्यासक आधी एका जागचे पुष्कळ नमुने जमवितात, त्यांतला आपापसातला फरक मोजतात, आणि त्या फरकाने जी खूण ढळत नाही तीच धरतात. मागच्या पायाचे बूड पोटाच्या पहिल्या वळीला कसे दुभागते, हे कुळाच्या शोधात पाहतात. डोळ्यावर एक ताठ केस आहे की दोन, हे पोटगट ठरविताना उपयोगी पडते. अगदी जवळच्या जातींत मात्र नराच्या जननेंद्रियाचा कठीण भाग तपासावा लागतो.

भारतात कोरड्या रानांत दिसणारा, काळ्या अंगावर सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा भुंगेरा फॅब्रिशियस याने 1775 साली नोंदविला. नाव ठिपक्यांवरून दिले. तरी हाच फॅब्रिशियस कीटकांचे वर्ग पाडताना तोंडाच्या अवयवांवर भर देई. नाव ठिपक्यावरून द्यावे, नाते मात्र अवयवांवरून जोडावे. त्याने लावलेले त्या भुंगेऱ्याचे प्रजातीचे नावही पुढे बदलले; ठिपके तेच राहिले. पुढे हर्बर्ट अँड्र्यूज यांनी 1929 व 1935 साली भारतातील भू-भुंगेऱ्यांवर दोन जाड खंड लिहिले. त्यांतले काम असेच केस, रेघा आणि खाचा मोजण्याचे आहे.

तेव्हा ढेकळाखाली काळा भुंगेरा धावताना दिसला, तर पाय उचलण्याआधी मिशी पाहावी. फरक दिसला म्हणजे जात निराळी झाली, असे नव्हे. आणि ‘सारखाच दिसतो’ म्हणून शत्रू ठरला, असेही नव्हे. कोणती खूण टिकते ते आधी तपासावे, निवाडा नंतर करावा.