कुलर, ह्युमिडिफायर आणि आपलं आरोग्य : पाण्याचं यंत्र स्वच्छ कसं ठेवायचं?



आपल्या दशसूत्रीत बचत आणि परतफेडीबरोबर आरोग्याची काळजीही आहे. घरात एक मोठं आजारपण आलं की समूहाचं कर्ज धंद्यात लागायच्या ऐवजी दवाखान्यात जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून या अंकात अशा वस्तूंविषयी बोलू, ज्या आपण थंडाव्यासाठी आणि आरामासाठी वापरतो, पण साफ करायचं राहून जातं.

मार्च ते मे महिन्यात मुरबाड, बदलापूर, कल्याण भागात पारा चाळिशीच्या आसपास जातो. तेव्हा घरोघरी कुलर सुरू होतात. दुसरं यंत्र म्हणजे ह्युमिडिफायर. हवेत ओलावा सोडणारं हे छोटं मशीन गावात फारसं दिसत नाही. पण आपल्यातल्या ज्या ताई ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बाळ-बाळंतिणीच्या किंवा आजाऱ्याच्या देखभालीला जातात, त्यांनी एसीच्या खोलीत हे मशीन पाहिलं असेल. त्यात पाणी भरायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याकडेच येतं. दोन्ही यंत्रांचं मूळ एकच आहे : साठवलेलं पाणी.

यंत्र काम कसं करतं?

कुलरमध्ये पंप टाकीतलं पाणी गवताच्या किंवा जाळीच्या पॅडवर सोडतो. पंखा त्या ओल्या पॅडमधून हवा खेचतो. पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते.

ह्युमिडिफायरचे प्रकार वेगळे. एकात पाणी उकळून वाफ निघते. सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रकारात तळाशी एक छोटी गोल चकती असते. ती इतक्या वेगाने थरथरते की पाण्याचे बारीक कण धुक्यासारखे बाहेर पडतात. इथे पाणी उकळत नाही, म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. टाकीत जे असेल, म्हणजे क्षार, बुरशी, साबण, औषध, ते सगळं त्या धुक्याबरोबर हवेत येतं आणि श्वासावाटे छातीत जातं.

पाण्यात काहीही मिसळू नका

बऱ्याच जणींना वाटतं, पाण्यात थोडं जंतुनाशक टाकलं की टाकी आपोआप साफ राहील. हा विचार किती महाग पडतो ते दक्षिण कोरियात दिसलं. तिथे १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक दुकानात मिळत होतं. लोक विश्वासाने टाकत होते. २०११ मध्ये गरोदर आणि बाळंत झालेल्या बायका फुप्फुसाच्या विचित्र आजाराने दवाखान्यात येऊ लागल्या. शोध घेतल्यावर कारण निघालं ते हेच जंतुनाशक. त्यात शेकडो माणसं गेली, लहान मुलंही गेली. जे रसायन भांडं धुवायला चालतं, ते श्वासात चालतंच असं नाही.

म्हणून फिनाईल, डेटॉल, साबण, कापूर, बाम, अत्तर यातलं काहीही टाकीत टाकायचं नाही. घरच्यांनी सांगितलं तरी हे कारण त्यांना समजावून सांगा.

ह्युमिडिफायरची निगा

रोज :
१. आधी बटण बंद करा, मग प्लग काढा.
२. उरलेलं पाणी ओतून द्या. कालच्या पाण्यात नवं पाणी भरू नका.
३. टाकी विसळा, स्वच्छ कपड्याने पुसा, थोडा वेळ उघडी वाळू द्या. मगच ताजं पाणी भरा.

दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी :
१. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन टाकीत आणि चकतीवर २० ते ३० मिनिटं ठेवा. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे घ्या.
२. जुन्या मऊ टूथब्रशने कोपरे घासा. चकती मात्र कापसानेच पुसा, सुरी किंवा तारेची घासणी लावू नका.
३. वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवा आणि वाळवा.
४. मोटर आणि वायरचा भाग पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

एक मोठी सावधगिरी : व्हिनेगर किंवा लिंबूसत्व आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडरसुद्धा ब्लीचच आहे. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

पाणी कोणतं वापरायचं? बोअरवेलचं जड पाणी नको. त्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी टेबलावर, टीव्हीवर बसते, तीच नाकातही जाते. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण सगळे क्षार जात नाहीत. घरात आरओ फिल्टर असेल तर त्याचं शुद्ध झालेलं पाणी चांगलं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र चालणार नाही, त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते लादी पुसायला वापरा.

मशीन बाळाच्या तोंडाजवळ ठेवू नका. उंच टेबलावर, पलंगापासून तीन-चार फूट लांब ठेवा. अंथरूण ओलसर लागलं किंवा काचेवर पाणी जमलं तर बंद करा. उकळत्या वाफेचं मशीन तर लहान मुलाच्या हाताला लागेल असं कधीच ठेवू नका, एका क्षणात भाजतं.

आणि हे मशीन खरंच हवं आहे का, तेही बघा. आपला भाग समुद्राजवळचा, पावसाळ्यात इथल्या हवेत ८० टक्क्यांहून जास्त ओलावा असतो. साठ टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की भिंतीला बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा त्रास वाढतो. पावसाळ्यात साध्या खोलीत ह्युमिडिफायरची गरजच नसते.

कुलर आणि डेंग्यूचा डास

कुलरचा मोठा धोका डासाचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरातलं साठलेलं स्वच्छ पाणी पसंत करतो आणि दिवसा चावतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीवर. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आशाताई सांगतात त्यामागे हाच हिशोब आहे.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून :

१. प्लग काढून टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी गटारात न टाकता कोरड्या जमिनीवर ओता, म्हणजे अळ्या मरतील.
२. टाकीच्या भिंती, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ, काथ्याने किंवा घासणीने जोर लावून घासा.
३. पंपाच्या जाळीतली घाण काढा. टाकी वाळवा आणि मगच भरा.
४. पॅडला वास येत असेल किंवा काळपट डाग पडले असतील तर नवीन बसवा.

लोखंडी कुलर असेल तर तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग हवंच. चालू कुलरला ओल्या हाताने शिवू नका, पाणी भरतानाही प्लग काढा. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगा.

जूनमध्ये कुलर ठेवून देताना टाकी घासून, उन्हात खडखडीत वाळवून, झाकून ठेवा. गवताचं जुनं पॅड पुढच्या वर्षासाठी जपू नका. अंगणात पडलेल्या उघड्या कुलरमध्ये पावसाचं पाणी साठलं तर तिथेच डासांचं घर होतं.

घरात कुणाला जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगदुखी, अंगावर पुरळ असं झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. तोवर मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

समूहात काय करता येईल?

वाडीत एकाच घराने टाकी घासली आणि शेजारच्या घरात डास वाढला, तर उपयोग नाही. म्हणून समूहाच्या बैठकीचा वारच कोरडा दिवस ठरवा. बैठकीला निघण्याआधी कुलर, रांजण, फ्रीजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली रिकामी करून घासायची. बैठकीत बचत गोळा करताना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा : "आज टाकी घासली का?" उत्तर हजेरीच्या वहीत एका खुणेने लिहायचं. पावसाळा संपला की ग्रामसंघाच्या बैठकीत ती वही उघडून बघा, कुठल्या वाडीत ताप कमी आला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.